वसतिगृहात राहण्याचे नियम आणि त्यांच्यामागची कारणं

तिसरा_मजला

विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली मिळाली की करारासोबत नियमांची पुस्तिका हातात पडते. भरपूर कलमं, आणि बहुतेक सगळी ‘करू नये’वर संपणारी. का करू नये ते क्वचितच लिहिलेलं असतं. मग पहिल्याच आठवड्यात पुस्तिका कपाटात जाते आणि दंडाची पावती आली की बाहेर निघते. वसतिगृहाची व्यवस्था, वायरिंग, प्लंबिंग, नेटवर्क सांभाळणारे बरेच जण इथे आहेत. आपापल्या विषयातले नियम कारणासकट लिहावेत, म्हणून हा धागा. विद्यापीठ कुठलंही असो, आकडे आणि कृती नेमकी द्या.

सुरुवात खोली ताब्यात घेण्यापासून करतो. वर्षाच्या शेवटी अनामत कापली जाते, तिचं मूळ पुष्कळदा पहिल्या दिवशीच्या घाईत असतं.

किल्लीबरोबर खोलीतल्या वस्तूंचं एक पत्रक मिळतं: पलंग, गादी, टेबल, खुर्ची, कपाट, पडदे, आणि प्रत्येकापुढे ‘स्थिती’ असा रकाना. ते सामान आत आणण्याआधी भरायचं. गादीवर चादर पसरली की खालचा डाग दिसत नाही, आणि कपाट भरलं की मागची भिंत कोणी पाहत नाही. रिकाम्या खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो घ्या. मग प्रत्येक दोषाचे दोन: एक लांबून, जागा कळावी म्हणून, आणि एक जवळून, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून. नजरेतून हमखास सुटणाऱ्या जागा म्हणजे गादीची खालची बाजू, ड्रॉवरच्या सरकपट्ट्या, खिडकीची कडी, बेसिनखालचा पाइप आणि सॉकेटच्या भोकांभोवतीचा तपकिरी रंग. हा रंग दिसला तर नुसतं ‘डाग’ लिहून सोडू नका. ते सॉकेट आतून तापत आलेलं असतं. वापरण्याआधी बदलून मागा.

पत्रकात ‘भिंत खराब’ असं लिहून उपयोग नाही. ‘खिडकीच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून १ मीटरवर, १० सेंटिमीटर रंग उडालेला’ असं लिहा. फोटो त्याच दिवशी वसतिगृह कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा. फोनमधल्या तारखेवर वाद होऊ शकतो, कार्यालयाला पोचलेल्या मेलच्या तारखेवर होत नाही. पत्रक परत देण्याची मुदत पुष्कळ ठिकाणी २४ ते ७२ तास असते. ती उलटली की खोली निर्दोष मिळाली असं धरलं जातं.

पिंपळपान

चांगला धागा. माझा प्रश्न विजेचा. केटल, इस्त्री, इंडक्शन, हीटर यांना बंदी असते, ते समजू शकतं. पण एक्स्टेंशन बोर्डालाही बंदी? टेबलाजवळ एकच सॉकेट असेल तर लॅपटॉप, दिवा, फोन लावायचे कुठे? आणि एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, असतो ना, जास्त भार झाला तर तो पडेलच की.

फेज_न्यूट्रल

पिंपळपान, तुमच्या शेवटच्या वाक्यात बहुतेकांचा गैरसमज आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवतो. तुमच्या एक्स्टेंशनच्या वायरला तो वाचवेलच असं नाही.

१६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेल्याबरोबर पडत नाही. ठरलेल्या मानकानुसार १.१३ पट प्रवाहावर, म्हणजे १८ अँपिअरवर, तो तासभर तरी न पडता राहिला पाहिजे. १.४५ पटीवर, म्हणजे साधारण २३ अँपिअरवर, तो तासाभरात पडला पाहिजे. आता एक्स्टेंशन बोर्डाची वायर बघा. स्वस्त बोर्डात ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर असते आणि ती साधारण ६ अँपिअरसाठी असते. तिच्यातून १२ अँपिअर गेले तर एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. पण वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दुप्पट प्रवाहाला चौपट उष्णता. ती वायर गालिच्याखाली, गादीमागे किंवा गुंडाळी करून ठेवलेली असली तर उष्णता बाहेर पडायला वाव नाही. आवरण मऊ होतं, दोन तारा जवळ येतात, आणि ठिणगी पडते तेव्हा कुठे एमसीबी पडतो.

आता कोणती वस्तू किती ओढते ते. लॅपटॉपचा चार्जर ४५ ते १०० वॅट, फोन १० ते ३०, एलईडी टेबललॅम्प १० च्या आत. तिन्ही मिळून दीडशेच्या आत. दुसरीकडे केटल १५०० ते २२००, हेअर ड्रायर १२०० ते २०००, इस्त्री १००० च्या पुढे, इंडक्शन शेगडी २००० च्या आसपास, खोलीचा हीटर २००० पर्यंत. २३० व्होल्टच्या देशांत ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १३८० वॅट भरते, १६ च्या सॉकेटची ३६८०. जिथे १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर आहेत तिथे १८००. म्हणजे एक केटल एकट्याने लहान सॉकेट ओलांडते. शिवाय चार-सहा खोल्या एकाच सर्किटवर असतात. सकाळी आठ वाजता तीन खोल्यांत केटल लागल्या की मजल्यावरचा एमसीबी पडणारच. बंदी तापणाऱ्या उपकरणांवर का आणि लॅपटॉपवर का नाही, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

एक्स्टेंशनबाबत आधी करार नीट वाचा. कित्येक ठिकाणी सरसकट बंदी नसते, अट असते: स्वतःचं ओव्हरलोड संरक्षण असलेला बोर्ड हवा, भिंतीतल्या सॉकेटलाच लावायचा, बोर्डाला बोर्ड जोडायचा नाही. असा बोर्ड घेताना मागची पट्टी वाचा. किती अँपिअर आणि किती वॅट ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. वायर १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर १६ अँपिअर चालते, १ ची असेल तर १०. तीन पिनांचं प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालू नका, अर्थिंग तिथेच तुटतं. घनाकार मल्टीप्लग तर नकोच. त्याच्या वजनाने सॉकेटची आतली पट्टी सैल होते, सैल जोड तापतो, आणि वर म्हटलेला तपकिरी रंग असाच येतो.

नवी_पालवी

एमसीबी पडला तर स्वतः वर करायचा का?

फेज_न्यूट्रल

खोलीतलाच असेल आणि नियमात परवानगी असेल तर एकदाच. आधी खोलीतले सगळे प्लग काढा, मग एमसीबी पूर्ण खाली ओढून वर करा. राहिला तर एकेक प्लग लावत जा. ज्याने पडला ती वस्तू बाजूला. एकही प्लग नसताना पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, हात लावू नका, तक्रार नोंदवा. पुन्हा पुन्हा वर करणं धोक्याचं, कारण दर वेळी दोष असलेल्या जागी मोठा प्रवाह जातो.

शेजारी ‘टेस्ट’ असं बटण असलेला स्विच असेल तर तो गळतीचा. ३० मिलिअँपिअर गळतीला तो पडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. बाथरूममधला गीझर किंवा ओल्या हाताने धरलेली इस्त्री, अशा वेळी तो पडला तर दुरुस्तीशिवाय पुन्हा चालू करू नका.

उंबरठा

वसतिगृहाच्या व्यवस्थेच्या बाजूने आगीबद्दल लिहितो. पुस्तिकेतले सगळ्यात कडक दंड इथे असतात, आणि ते असायलाच हवेत.

धूरशोधकावर पिशवी किंवा मोजा चढवणं हा बहुतेक ठिकाणी थेट खोली जाण्याइतका गुन्हा आहे. तो का वाजतो हे कळलं तर झाकायची वेळ येत नाही. खोल्यांमधले शोधक पुष्कळदा प्रकाशावर चालतात. आत एका छोट्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो. कण आत शिरले की प्रकाश विखुरतो आणि शोधकाला तो दिसतो. पाण्याची वाफ, डिओड्रंटचा फवारा, हेअर स्प्रे, केर काढताना उडालेली धूळ, सगळेच कण त्याला सारखे. म्हणून आंघोळीनंतर बाथरूमचं दार बंद ठेवून पंखा चालवा, फवारा शोधकाखाली उभं राहून मारू नका. खोलीत काही भाजताना धूर झालाच तर दार उघडून धूर बोळात सोडू नका, खिडकी उघडा. बोळातला शोधक वाजला की पुष्कळ ठिकाणी अख्खी इमारत रिकामी करावी लागते.

छताला पाण्याचे स्प्रिंकलर असतील तर त्यांवर हँगर अडकवायची सवय सगळ्यात महागात पडते. तोंडाशी काचेची बारीक नळी असते, आत द्रव असतो. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. हँगरच्या धक्क्यानेही फुटते. मिनिटाला ६० ते १०० लिटर पाणी, तेही पाइपात वर्षानुवर्षं साचलेलं काळं. खालच्या मजल्यापर्यंत जातं, आणि कोणी येऊन व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत थांबत नाही. चित्रपटांत एका स्प्रिंकलरखाली आग लागली की सगळे सुरू होतात. प्रत्यक्षात बहुतेक इमारतींत ज्याची नळी फुटेल तोच उघडतो.

आपोआप बंद होणारं जड दार वीट लावून किंवा चप्पल सरकवून उघडं ठेवू नये, हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. ते दार पुष्कळदा ३० मिनिटं आग आणि धूर अडवण्यासाठी बनवलेलं असतं. चौकटीतली पट्टी उष्णतेने फुगते आणि फट भरून टाकते. दार उघडं असेल तर ती पट्टी कशाला टेकणार? जिना धुराने भरला की वरच्या मजल्यांना उतरायची वाटच राहत नाही. त्याच कारणाने बोळात सायकल, चपलांची मांडणी, खोकी ठेवायची नसतात. धुरात माणूस भिंत चाचपत चालतो आणि पहिल्या अडथळ्याला पडतो.

गजर झाला की क्रम असा. दार हाताच्या पाठीने चाचपा. गरम असेल तर उघडू नका, फटीत ओले टॉवेल लावा, खिडकीशी थांबा आणि फोनवर खोली क्रमांक सांगा. गार असेल तर किल्ली आणि फोन घ्या, दार मागे ओढून बंद करा, लिफ्ट सोडून जिन्याने उतरा, जमायच्या जागी जा. तिथून परस्पर निघून जाऊ नका. मोजणीत तुम्ही कमी आलात तर तुम्हाला शोधायला कोणीतरी आत जातं. आणि अधूनमधून कवायत होते म्हणून हीही कवायतच, असं धरून चालू नका.

ताटवाटी

सामाईक स्वयंपाकघराबद्दल उंबरठांना जोडून. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, तिथे क्षणात वाफ होतं. एका लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. आच बंद, कढईवर घट्ट झाकण किंवा आगीचं ब्लँकेट, आणि मग निदान अर्धा तास ते उचलायचं नाही. लवकर उचललं तर हवा लागून पुन्हा पेटतं.

फ्रिजसाठी एकच सांगते. डब्यावर नाव, खोली आणि तारीख. नुसत्या नावाने काम भागत नाही. साफसफाईच्या दिवशी तारीख नसलेला डबा सरसकट टाकला जातो, आणि तो नियम योग्य आहे. फ्रिज ५ अंशांच्या आत राहिला पाहिजे. पन्नास डबे कोंबले की हवा फिरत नाही, मधला भाग १० अंशांवर जातो, अन्न खराब होतं आणि दोष मात्र फ्रिजला लागतो. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, उथळ डब्यात भरलं तर लवकर निवतं.

फेज_न्यूट्रल

एक भर, उंबरठांच्या यादीत नसलेली. ई-स्कूटर, ई-सायकल किंवा सुटी मोठी लिथियम बॅटरी खोलीत चार्ज करण्यावर आता पुष्कळ वसतिगृहांत बंदी असते. अशा बॅटरीचा एक सेल तापून बिघडला की शेजारचा तापतो, मग त्याच्या पुढचा, आणि ही साखळी साध्या अग्निशामकाने थांबत नाही. विषारी वायू निघतात. विझल्यासारखी वाटली तरी तासांनंतर पुन्हा पेटू शकते. बॅटरी दाराजवळ चार्ज करणं सर्वांत वाईट, कारण बाहेर पडायची वाटच बंद होते. फुगलेल्या पॉवर बँकलाही हेच लागू. ती वापरू नका, भोक पाडू नका, साध्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्यात द्या.

पिंपळपान

हे कारणासकट कळलं की पाळायला काहीच जड वाटत नाही. आता माणसांबद्दल कोणीतरी लिहा. खोलीत दोघं असतील तर भांडणं विजेवरून कमी आणि दिव्यावरून जास्त होतात.

शांत_पाणी

खोलीतल्या दोघांचा लेखी करार पहिल्या चार-पाच दिवसांत करावा, अजून कोणी कोणावर चिडलेलं नसतं तेव्हा. काही विद्यापीठं छापील नमुना देतात. नसेल तर एका पानावर स्वतः लिहा. ‘एकमेकांना त्रास होईल असं वागू नये’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण त्रासाची व्याख्या दोघांची वेगळी. मोजता येईल असं लिहा: रात्री ११ नंतर मोठा दिवा बंद, टेबललॅम्प चालेल, तो भिंतीकडे वळवून. ११ नंतर फोनवर बोलायचं तर बोळाच्या टोकाला. अलार्म एकदाच, स्नूझ नाही. मित्र खोलीत येणार असेल तर त्याच दिवशी दुपारपर्यंत कळवायचं. विचारल्याशिवाय घ्यायच्या आणि न घ्यायच्या वस्तूंची वेगळी नावं. केर कोण कोणत्या वारी काढणार. तीन आठवड्यांनी पुन्हा वाचायचं आणि जमत नाही ते बदलायचं.

मोठ्या आवाजाबद्दल थोडं. शांततेची वेळ पुष्कळ ठिकाणी रात्री १० किंवा ११ ते सकाळी ६ किंवा ७, परीक्षेच्या काळात चोवीस तास. पण ‘मी आवाज कमीच ठेवला होता’ आणि ‘खाली धडधड ऐकू येत होती’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. खालचे स्वर भिंत आणि स्लॅबमधून जातात. स्पीकर थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवला की अख्खा स्लॅबच वाजतो. तो जाड फोमवर उचलून ठेवा, बास कमी करा, आणि ठरलेल्या वेळेनंतर हेडफोन लावा. खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा. रात्री खुर्ची सरकवल्याचा आवाज वरच्या मजल्यावरून खाली जसा येतो तसा बोलण्याचा येत नाही.

तंटा झाला तर आधी स्वतः बोला, दुसऱ्या दिवशी, दोघंही शांत असताना. मग मजल्याचा प्रतिनिधी, मग वॉर्डन.

कडीकोयंडा

शांत_पाणी, तुमच्या क्रमाशी एका बाबतीत सहमत नाही. धमकी, मारहाण, छळ, रॅगिंग, वस्तू चोरीला जाणं, यात ‘आधी स्वतः बोला’ लागू नाही. थेट वॉर्डन किंवा सुरक्षा कक्ष, लेखी, त्याच दिवशी.

शांत_पाणी

बरोबर. माझा क्रम फक्त रोजच्या कुरबुरींसाठी. बाकीच्या बाबतीत तुमचंच खरं.

कडीकोयंडा

पाहुण्यांचे नियम जाचक वाटतात, पण आग लागल्यावर इमारतीत किती माणसं आहेत हे नोंदवहीवरून मोजतात. नोंद नसलेला माणूस मोजणीत नाही. पाहुणा आला की प्रवेशाशी नोंद, ओळखपत्र, आणि जायची वेळ. तो असेपर्यंत त्याने मोडलेली खिडकी तुमच्या नावावर. रात्री मुक्कामाची मर्यादा करारात दिलेली असते, आणि खोलीतल्या जोडीदाराची संमती बहुतेक ठिकाणी लेखी लागते. आपली किल्ली किंवा कार्ड पाहुण्याला देणं हा वेगळा आणि मोठा भंग.

सुट्टीत मित्राला खोली वापरायला देणं, पैसे घेऊन असो वा फुकट, हे पोटभाडं धरलं जातं. त्यात खोली जाऊ शकते.

किल्ली हरवली तर त्याच दिवशी कळवा. दुकानातून परस्पर दुसरी बनवू नका. बऱ्याच इमारतींत एकाच किल्लीने खोली आणि मुख्य दार दोन्ही उघडतात. अशा वेळी हरवलेल्या एका किल्लीमुळे अनेक कुलपांच्या आतला भाग बदलावा लागतो आणि खर्च तुमच्याकडून घेतला जातो. कार्ड असेल तर काम सोपं, ते लगेच बाद करता येतं, पण कळवलं तरच.

नवी_पालवी

कार्यालयातले लोक आपण नसताना खोलीत येऊ शकतात का?

उंबरठा

तपासणीसाठी पूर्वसूचना द्यावी लागते, पुष्कळ करारांत २४ तासांची. गळती, धूर, जीवाला धोका असेल तर सूचनेशिवाय. तुम्ही दुरुस्तीची तक्रार नोंदवली असेल तर तीच कित्येकदा आत येण्याची संमती धरली जाते. आपण असतानाच यावं असं वाटत असेल तर तक्रारीत वेळ लिहा.

औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, दम्यामुळे ओलसर खोली चालत नाही, जिना चढवत नाही, अशा गरजा असतील तर डॉक्टरांच्या पत्रासह आधीच लेखी कळवा. खोलीत छोटा फ्रिज ठेवायला एरवी बंदी असली तरी या कारणाने परवानगी मिळते. न विचारता ठेवलेला फ्रिज मात्र जप्त होतो.

ओल_आणि_ऊन

भिंतीवरच्या बुरशीवरून विद्यार्थी आणि कार्यालय यांच्यात दरवर्षी वाद होतो. भिंत गळकी आहे की खोलीतली वाफ साचते, हे ओळखायची खूण सांगतो. गळती असेल तर डाग एका जागी, कडा तपकिरी, पाऊस पडला किंवा वरच्यांनी आंघोळ केली की वाढतो. वाफेची बुरशी खिडकीच्या चौकटीभोवती, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे काळ्या ठिपक्यांनी येते. पहिली तक्रार कार्यालयाची, दुसरी बरीचशी आपल्या हातात. धुतलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून खोलीत दोनेक लिटर पाणी हवेत जातं. म्हणूनच खोलीत कपडे वाळत घालायला मनाई असते. पर्याय नसेल तर खिडकी उघडी ठेवूनच वाळवा. कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून ५ सेंटिमीटर पुढे घ्या, हवा खेळली पाहिजे. दिवसातून दोनदा दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा. दिवसभर बोटभर फट ठेवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे.

ढेकूण. हा विषय लाजेपोटी लपवला जातो आणि त्यामुळेच पसरतो. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही, ते सामानातून येतात. गादीची शिवण बोटाने उलटी करून टॉर्चने पाहा: शाईच्या टोकाने टिपके दिल्यासारखे काळे डाग, पारदर्शक कातीचे तुकडे, आणि १ मिलिमीटरची पांढरी अंडी. पलंगाच्या फळ्यांच्या खाचा आणि उशाकडच्या भिंतीतली स्क्रूची भोकंही तपासा. दिसले की त्याच दिवशी कळवा आणि तीन गोष्टी टाळा. गादी बोळात काढू नका, दुसऱ्याच्या खोलीत झोपायला जाऊ नका, आणि दुकानातला फवारा मारू नका. फवाऱ्याने ते शेजारच्या खोलीत पळतात. कपडे आणि चादरी पिशवीत बंद करून न्या, ६० अंशांवर धुवा, मग ड्रायरमध्ये जास्त तापमानावर अर्धा तास. औषध मारणारे साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा येतात, कारण अंडी एकाच फवारणीत मरतीलच असं नाही. दुसरी फेरी टाळली की सगळं व्यर्थ.

लांब सुट्टीवर जाण्याआधी मोरीच्या जाळीत एक तांब्या पाणी ओता. जाळीखालच्या वळणात ५ सेंटिमीटरभर पाणी साठून राहतं, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. काही आठवड्यांत ते उडून जातं. परतल्यावर वास आला तर तक्रारीआधी पाणी ओतून बघा. आणि जाळीवरचे केस कागदात गोळा करून कचऱ्यात टाका, खाली ढकलू नका.

सातवा_पोर्ट

‘स्वतःचा राउटर लावू नये’ यामागचं कारण सांगतो. प्रत्येक घरगुती राउटर आपल्या जाळ्यातल्या उपकरणांना पत्ते वाटतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. भिंतीतली केबल राउटरच्या वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या) चुकून लॅन पोर्टला (खोलीतली उपकरणं जोडायच्या) लावली, की तो राउटर अख्ख्या मजल्याला पत्ते वाटू लागतो. मजल्यावरच्या लॅपटॉपना १९२.१६८ ने सुरू होणारे भलतेच पत्ते मिळतात. वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट मात्र नाही. नेटवर्क कक्ष पोर्ट शोधून बंद करतो, आणि तो पोर्ट तुमच्या नावावर असतो.

पोर्ट बरोबर लावला तरी दुसरा प्रश्न राहतो. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. एका मजल्यावर दहा राउटर असतील तर सगळ्यांचाच वेग पडतो. प्रिंटर, टीव्ही, गेम कन्सोल जोडायचं असेल तर त्याचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा नेटवर्क क्रमांक, नोंदवा, बहुतेक विद्यापीठांत त्यासाठी पान असतं. खोलीत सिग्नल कमी असेल तर वेळ, खोली आणि उपकरण लिहून कळवा. आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊ नका. त्याने केलेल्या बेकायदा डाउनलोडची नोंद तुमच्या खात्यावर येते.

ताटवाटी

वॉशिंग मशीनवर थोडक्यात. ड्रममध्ये कपडे टाकल्यावर वर एक हात उभा जाईल एवढी जागा उरली पाहिजे. पावडर जास्त झाली की फेस वाढतो, पाणी बाहेर पडत नाही आणि यंत्र मधेच थांबतं. ड्रायरची जाळी प्रत्येक वेळी साफ करा, साचलेलं सूत पेट घेतं. संपायच्या वेळेचा अलार्म फोनवर लावा.

नवी_पालवी

तक्रार कशी लिहावी म्हणजे लवकर काम होतं?

उंबरठा

कारागीर एकाच फेरीत योग्य सामान घेऊन येईल इतकं लिहा. ‘नळ खराब’ नको. ‘खोली ३१२, बेसिनचा गरम पाण्याचा नळ, पूर्ण बंद केल्यावरही थेंब थेंब गळतो, सोमवारपासून, फोटो जोडला आहे’ असं. रात्री-अपरात्री फोन करण्याजोग्या गोष्टी मोजक्या: वाहतं पाणी, जळका वास, गॅसचा वास, दार बंद न होणं, वीज पूर्ण जाणं. बाकीचं तक्रार क्रमांक घेऊन सकाळी.

सामाईक जागेतलं नुकसान कोणी केलं ते कळलं नाही तर पुष्कळ करारांत ते मजल्यावरच्या सगळ्यांत वाटून आकारतात. मोडलेलं दिसलं की लगेच लेखी कळवणं हाच त्यावर उपाय.

पिंपळपान

आता खोली सोडताना काय ते लिहा कोणीतरी. भिंतीवर चिकटवलेल्या हुकांचं काय करायचं? आणि फ्रीजरमधल्या बर्फाचं?

तिसरा_मजला

चिकट हुक समोर ओढले की रंगाचा पोपडा घेऊन येतात. पट्टीचं टोक धरून भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ताणत जा. ती लांब होत होत सुटते. टोक तुटलं असेल तर हेअर ड्रायरने अर्धा मिनिट कोमट करा आणि मागून दोरा घालून करवतीसारखा ओढा. भोकं टूथपेस्टने बुजवू नका, ती वाळून पिवळी पडते आणि तपासणीत लगेच दिसते. भिंत स्वतः रंगवायच्या भानगडीतही पडू नका. छटा जुळत नाही आणि मग अख्ख्या भिंतीचा खर्च लागतो.

फ्रीजर आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा, खाली जुने टॉवेल आणि ताट. घाई असेल तर आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. सुरीने बर्फ खरवडू नका. भिंतीआडच बारीक नळ्या असतात, आणि आजच्या पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वालाग्राही वायू असतो. नळीला भोक पडलं तर फ्रिज दुरुस्तही होत नाही आणि पैसे पूर्ण लागतात.

साफसफाई वरून खाली करा: पंखा, कपाटाचा माथा, खिडकी, टेबल, शेवटी फरशी. तपासणारे ड्रॉवर उघडतात, पलंगाखाली पाहतात आणि बाथरूमच्या फटींवर बोट फिरवतात. रोजच्या वापराने पडणारी झीज, म्हणजे फिकट झालेला पडदा किंवा खुर्चीच्या पायाचे बारीक ओरखडे, यांचे पैसे सहसा घेतले जात नाहीत. जळका डाग, तुटलेलं बिजागर, शाई सांडलेली गादी, यांचे घेतले जातात. पहिल्या दिवसाचं पत्रक आणि फोटो तपासणीला हातात ठेवा, आणि त्याच कोनांतून नवे फोटो घ्या.

कडीकोयंडा

तपासणी शक्यतो आपण हजर असताना करून घ्या आणि पत्रकावर दोघांच्या सह्या घ्या. किल्ली नुसती पेटीत टाकून जाऊ नका. पावती घ्या, तीवर तारीख आणि किल्ल्यांची संख्या हवी, कारण भाडं किल्ली परत दिल्याच्या दिवसापर्यंत लागतं. अनामतीसाठी बँकखात्याचा तपशील आणि विद्यापीठाबाहेरचा ईमेल द्या. शिक्षण संपल्यावर विद्यापीठाचा ईमेल बंद होतो आणि कपातीची यादी तिथेच पडून राहते. कपातीवर हरकत घ्यायची मुदत करारात असते, ती यादी पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. पहिल्या दिवसाच्या पत्रकाची एक प्रत आपल्याकडे ठेवायची की मूळच?

कडीकोयंडा

मूळ कार्यालयाकडे जातं. सही आणि शिक्का झाल्यावर, काउंटरवरून हलायच्या आधी, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर तिचाही.